इंडो-सिलोन एक्सप्रेस (बोट मेल)

इंडो-सिलोन एक्सप्रेस, लोकांच्या तोंडी बोट मेल, ही मद्रास (सध्याचे चेन्नई) आणि सिलोनमधील (सध्याचा श्रीलंका) कोलंबो या शहरांना जोडणारी प्रवासी सेवा होती. भारतातील रेल्वेगाडी, समुद्र ओलांडणारी आगबोट आणि सिलोनमधील रेल्वेगाडी असा तीन टप्प्यांचा हा प्रवास एकाच तिकिटावर होत असे. डिसेंबर १९६४ मधील चक्रीवादळाने तिचा मूळ मार्ग नष्ट झाला आणि १९८४ मध्ये जहाजवाहतूक थांबल्यावर ती संपुष्टात आली.

मार्ग

प्रारंभी मद्रासहून सुटणारी बोट मेल तुतिकोरिनपर्यंत जात असे व तेथून प्रवासी आगबोटीने कोलंबोला पोहोचत. हा सागरी टप्पा लांबचा होता. मुख्य भूमी व रामेश्वरम बेट यांना जोडणारा पांबन पूल फेब्रुवारी १९१४ मध्ये खुला झाल्यावर गाडी बेटाच्या आग्नेय टोकावरील धनुष्कोडीपर्यंत जाऊ लागली. सिलोनच्या बाजूला तलैमन्नारपर्यंत लोहमार्ग तयार झाला होता. दोन्ही धक्क्यांमधील सुमारे ३५ किलोमीटरचे पाणी काही तासांत ओलांडता येई. या मार्गावरील ‘आयर्विन’ आणि ‘गोशेन’ ही जहाजे विशेष परिचित होती.

रामसेतूच्या उथळ भागावरून थेट रेल्वेपूल बांधण्याचा विचारही त्या काळी झाला होता. मात्र खर्चामुळे तो मागे पडला. पूल झाला असता, तरी मद्रासचे डबे कोलंबोला गेले नसते. भारताच्या बाजूचा मार्ग मीटरगेज होता, तर सिलोनचा ब्रॉडगेज. गाडी बदलणे अटळच होते.

प्रवासी

व्यापारी, सरकारी अधिकारी आणि पर्यटक या गाडीने जात. रामेश्वरमला जाणाऱ्या यात्रेकरूंनाही पांबन पुलाचा मोठा लाभ झाला. काशी-रामेश्वर यात्रा करणारी मराठी कुटुंबेही त्यांत असत. तथापि या मार्गाचे सामाजिक महत्त्व प्रामुख्याने सिलोनच्या चहा व रबराच्या मळ्यांवर गेलेल्या तमिळ मजुरांमुळे आहे. समुद्र ओलांडण्यापूर्वी त्यांना पांबनच्या अलीकडे मंडपम येथील छावणीत आरोग्य-तपासणीसाठी ठेवले जाई.

सिलोन स्वतंत्र झाल्यानंतर या मजुरांपैकी बहुतेकांना नागरिकत्व नाकारण्यात आले. ३० ऑक्टोबर १९६४ रोजी झालेल्या सिरिमावो-शास्त्री करारानुसार सुमारे ९ लाख ७५ हजार राज्यविहीन लोकांपैकी ५ लाख २५ हजारांना भारताने आणि ३ लाखांना सिलोनने नागरिकत्व द्यावे, असे ठरले. उरलेल्यांचा निर्णय पुढे ढकलण्यात आला. ज्या वाटेने आजोबा-पणजोबा गेले, त्याच वाटेने आता नातवंडे परतणार होती, आणि त्यांपैकी अनेकांनी भारत कधी पाहिलाही नव्हता.

चक्रीवादळ

करारानंतर दोन महिन्यांच्या आतच, २२-२३ डिसेंबर १९६४ च्या रात्री, धनुष्कोडीवर चक्रीवादळ आदळले. पांबनहून धनुष्कोडीला निघालेली पॅसेंजर गाडी लाटांनी ओढून नेली व तिच्यातील शंभराहून अधिक माणसे मृत्यू पावली. ही गाडी म्हणजेच बोट मेल असे अनेकदा सांगितले जाते, परंतु ते खरे नाही. ती ६५३ क्रमांकाची स्थानिक पॅसेंजर होती. स्थानक, धक्का आणि गाव उद्ध्वस्त झाले. धनुष्कोडी राहण्यास अयोग्य असल्याचे मद्रास सरकारने जाहीर केले.

पांबन पुलाच्या बहुतेक तुळया समुद्रात पडल्या होत्या, मात्र जहाजांसाठी उघडणारा मधला गाळा शाबूत राहिला. ई. श्रीधरन या तरुण अभियंत्याच्या देखरेखीखाली बुडालेल्या तुळया शोधून वर काढण्यात आल्या आणि ४६ दिवसांत पूल पुन्हा उभा राहिला. पांबन-धनुष्कोडी लोहमार्ग मात्र पुन्हा बांधला गेला नाही.

अखेरची वर्षे

यानंतर गाडीचे शेवटचे स्थानक रामेश्वरम झाले आणि जहाजेही तेथूनच तलैमन्नारला जाऊ लागली. सागरी अंतर वाढले. करारानुसार परतणारी कुटुंबे ‘रामानुजम’ या जहाजाने येत व मंडपमच्या छावणीतून तमिळनाडूच्या निरनिराळ्या भागांत पाठवली जात. जुलै १९८३ मधील तमिळविरोधी हिंसाचारानंतर श्रीलंकेत यादवी युद्ध पेटले. पुढील वर्षी जहाजसेवा बंद झाली आणि करारानुसार होणारे स्थलांतरही अर्धवट राहिले. मंडपमच्या छावणीत पुढे युद्धातून पळून आलेले निर्वासित राहू लागले. तलैमन्नारचा लोहमार्गही १९९० मध्ये बंद पडला. भारतीय कंपनी इरकॉनने तो नव्याने बांधल्यावर मार्च २०१५ मध्ये तेथे पुन्हा गाडी पोहोचली.

भारतातील टप्पा चेन्नई एग्मोर-रामेश्वरम गाडीच्या रूपाने टिकून आहे. मानामदुरै-रामेश्वरम मार्ग २००७ मध्ये ब्रॉडगेज झाला, तर एप्रिल २०२५ पासून गाड्या नव्या पांबन पुलावरून जातात. जोडीची बोट बंद होऊन चार दशके उलटली, तरी ही गाडी अजूनही बोट मेल या नावानेच ओळखली जाते.