पिनकोड पाहून नकार

डोंबिवलीत किंवा कल्याण पश्चिमेला भाड्याचे घर शोधताना एजंटचा पहिला प्रश्न बजेटचा असतो, दुसरा 'फॅमिली की बॅचलर' असा आणि तिसरा 'नाव काय?' नाव ऐकल्यावर त्याचा आवाज बदलत नाही. तितक्याच अदबीने तो म्हणतो, "मालकांना विचारून कळवतो." पुढे कोणी कळवत नाही. आमच्या घरातून असे फोन इतके झाले की आता आम्ही नाव आधीच सांगून टाकतो, दोघांचाही वेळ वाचतो. एका एजंटने मात्र मोकळेपणाने विचारले, "तुम्ही मुंब्र्याला का बघत नाही? तिकडे तुमचीच माणसं आहेत, स्वस्तही पडेल." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्याला ते खरोखरच सोयीचे वाटत होते.

ही सोय कशी तयार झाली आणि तिची किंमत कोण देतो, याचा विचार आपल्या घराघरांत व्हायला हवा. कारण ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांनी हे घर शोधणे एकदा तरी अनुभवले आहे आणि आता आपल्या मुलांची पाळी आली आहे.

मुंब्रा-कौसा ही काही काल वसलेली वस्ती नव्हे. एका अंगाला पारसिकचा डोंगर आणि दुसऱ्या अंगाला खाडी, अशा चिंचोळ्या पट्टीत कोकणी मुस्लिम आणि आगरी-कोळी पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहत आले. ठाण्यातील महागिरी आणि राबोडी, कल्याणातील दूधनाका ही मोहल्लेही जुनीच. कल्याण हे मोठे बंदर होते आणि व्यापाऱ्यांच्या वस्त्या बंदराच्या आसऱ्याने वाढल्या. त्या काळीही जो तो आपापल्या आळीत राहत असे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण एक आळी संपली की दुसरी सुरू होई, विहीर आणि बाजार एकच असे.

हे चित्र बदलले ते डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ नंतर. त्या दोन महिन्यांत मुंबईत सुमारे ९०० माणसे मारली गेली, हा श्रीकृष्ण आयोगाचा आकडा आहे. मिश्र चाळींमधून आणि इमारतींमधून बाहेर पडलेल्या कुटुंबांनी मिळेल त्या भावाला घरे विकली. लोकलने मुंबई गाठता येईल, जागा परवडेल आणि रात्री निर्धास्त झोपता येईल, या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी मिळाल्या आणि ते ठिकाण म्हणजे मुंब्रा. काही हजारांची वस्ती दोन दशकांत काही लाखांवर गेली. भिवंडीने हाच धडा १९७० आणि १९८४ च्या दंगलींत घेतला होता.

यावर एक उत्तर नेहमी ऐकू येते. 'मुसलमानांना एकत्रच राहायला आवडते.' हे अर्धे खरे आहे. मशीद जवळ हवी, मुलांना नाजरा शिकवणारे कोणी हवे, हलाल गोश्त हवे, ईदला शेजारी येणारे हवेत, यात गैर काय? गुजरात्यांना, तमिळांना, डोंबिवलीतल्या कोकणस्थांनाही आपल्या माणसांत राहायला आवडते. पण समोरचे दारही उघडे असेल तरच तिला आवड म्हणता येते. ते बंद असताना माणूस जिथे जातो तिथे तो ढकलला गेलेला असतो, मग तिथे त्याला कितीही करमो.

आपल्याकडे हे कागदावर कुठे लिहिलेले नसते. अमेरिकेत ते लिहिलेले होते, म्हणून तिकडचा इतिहास पाहिला की इकडचे नीट दिसते. १९२९ साली मिशिगन राज्यातील लॅन्सिंग शहरात एका कृष्णवर्णीय कुटुंबाने घर घेतले. जमिनीच्या कागदपत्रात अट होती की ही जागा गोऱ्यांशिवाय कोणाला देता येणार नाही. शेजारी कोर्टात गेले, कोर्टाने घर सोडण्याचा हुकूम दिला आणि थोड्याच दिवसांत ते घर आगीत भस्मसात झाले. त्या घरातला चार वर्षांचा मुलगा पुढे मालकम एक्स म्हणून जगाला माहीत झाला.

पुढच्या दशकात तिथल्या सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे तयार केले. कर्ज देण्यास सुरक्षित वस्त्या हिरव्या रंगात, धोक्याच्या लाल रंगात. कृष्णवर्णीय राहतात ती वस्ती जवळजवळ हमखास लाल. लाल वस्तीत कर्ज नाही, कर्ज नाही म्हणून दुरुस्ती नाही, दुरुस्ती नाही म्हणून घराला भाव नाही, आणि भाव नाही म्हणून पुढच्या पिढीला देण्यासारखे काही नाही. वर्णाची रेघ अशी पैशाची रेघ होऊन बसली. खरेदीखतातील त्या अटी कोर्टांनी अमलात आणू नयेत, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली दिला, तरी रेघ पुसली गेली नाही. १९६६ साली मार्टिन ल्यूथर किंग शिकागोच्या गरीब वस्तीत भाड्याने राहायला गेले आणि गोऱ्या वस्तीतून मोर्चा काढताना त्यांना दगड लागला. एप्रिल १९६८ मध्ये त्यांची हत्या झाली. आठवड्याभरातच घर विकताना वा भाड्याने देताना वर्ण किंवा धर्म पाहण्यास मनाई करणारा कायदा झाला.

आता इकडे या. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात मुस्लिमांना घर भाड्याने मिळण्यात येणाऱ्या अडचणींची नोंद आहे, ती बहुतेकांना माहीत असते. त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे, तिच्याकडे कमी लक्ष गेले. काही बँका विशिष्ट भागांना 'नकारात्मक क्षेत्र' ठरवतात आणि तिथे कर्ज व इतर सेवा सहजी मिळत नाहीत. मुंब्र्यातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. पगाराची स्लिप ठीक, नोकरी ठीक, पण फॉर्मवर ४००६१२ हा पिनकोड लिहिला की क्रेडिट कार्डाचा अर्ज कुठेतरी अडकतो, अशी तक्रार तिथे वर्षानुवर्षे आहे. अमेरिकेत रेघ नकाशावर होती, आपल्याकडे ती सहा आकड्यांत मावते.

बँकेचे कर्ज नाही तर घर कसे घ्यायचे? रोखीने, हप्त्याहप्त्याने, दागिने मोडून, आणि ज्या इमारतीला पालिकेची परवानगी नाही अशा इमारतीत, कारण तीच परवडते. बँक अशा इमारतीवर कर्ज देत नाही, हे एका अर्थी बरोबरच आहे. पण एका हाताने मान्यताप्राप्त घराचे दार बंद करायचे आणि दुसऱ्या हाताने अनधिकृत घराला नावे ठेवायची, हा कुठला न्याय? ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधील एक बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ जीव गेले. काही महिन्यांत उभी केलेली ती इमारत होती. बिल्डरांबरोबर पालिकेचे अधिकारी आणि पोलीसही पकडले गेले. त्यात मेलेली माणसे निरनिराळ्या धर्मांची, सगळी कष्टकरी. गरिबाला ढकलताना धर्माची रेघ आणि पैशाची रेघ एकमेकींत अशी मिसळतात की कोणती कुठे संपते ते सांगता येत नाही.

दुसरी किंमत मुले देतात. अंजली अडुकिया, सॅम अ‍ॅशर, पॉल नोव्होसाद आणि त्यांच्या सहकारी अर्थतज्ज्ञांनी भारतातील १५ लाख वस्त्यांची माहिती तपासून २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्याकडील मुस्लिमांचे आणि अनुसूचित जातींचे वस्त्यांमधील विभाजन अमेरिकेतील काळ्या-गोऱ्यांच्या विभाजनापेक्षा थोडेसेच कमी आहे, असे त्यात आढळले. ज्या वस्तीत मुस्लिम अजिबात नाहीत तिच्याशी त्याच शहरातली पूर्ण मुस्लिम वस्ती ताडून पाहिली, तर माध्यमिक शाळा असण्याची शक्यता निम्मी आणि नळाच्या पाण्याची सोय असण्याची शक्यता १० टक्क्यांनी कमी. आम्हाला यात सर्वांत महत्त्वाचे वाटले ते पुढचे. ही तफावत मुख्यत्वे एकाच शहराच्या आत, वस्तीवस्तीत होणाऱ्या वाटपात दिसते. म्हणजे प्रश्न दिल्लीतच सुटेल असे नाही. आठवीनंतरची शाळा कोणत्या प्रभागात निघते, हे बरेचसे महापालिकेच्या सभागृहात ठरते. ठाणे महापालिका १९८२ ची, कल्याण-डोंबिवलीची १९८३ ची. मते मागायला येणाऱ्याला आपण गटार आणि पाणी विचारतो, माध्यमिक शाळा किती जण विचारतात?

आता थोडे आपल्या अंगणातले. मुंब्रा-कौशात गेट आणि वॉचमन असलेली संकुले आहेत आणि त्यांच्या भिंतीला लागून टँकरची वाट पाहणाऱ्या चाळी आहेत. संकुलातली मुले चाळीतल्या मुलांबरोबर खेळत नाहीत. भाडेकरू ठेवताना आपल्यातलेही घरमालक विचारतात, 'गाव कुठले? मसलक कोणता?' घटस्फोटित बाई लेकरांसह एकटी राहणार म्हटले की आपल्याकडेही 'मालकांना विचारून कळवतो' हेच उत्तर मिळते. शेजाऱ्याच्या हक्कांवरचा खुतबा ऐकून आलेला माणूस हे बोलतो तेव्हा वाईट वाटते. डोंबिवलीच्या सोसायटीकडून मोकळेपणाची अपेक्षा करताना कौशातल्या आपल्या फ्लॅटच्या दाराकडेही पाहायला हवे.

आणि ही गोष्ट एकट्या मुस्लिमांची नाही. २०२३ साली ठाण्याला लागून असलेल्या मुलुंडमध्ये एका मराठी बाईंना मराठी म्हणून जागा नाकारली गेली, तेव्हा त्यांचा व्हिडिओ राज्यभर गाजला आणि सर्व पक्षांचे लोक धावून आले. ते योग्यच झाले. आडनाव विचारून दलित कुटुंबाला टाळले जाते, मासे शिजवणाऱ्याला टाळले जाते. मुलुंडच्या बाईंचा संताप ज्यांना कळला त्यांना आपला कळायला अडचण नसावी. या मुद्द्यावर मराठी माणसाशी बोलणे सोपे आहे, आणि आपण मराठीतच बोलतो.

कायदा काय म्हणतो? अमेरिकेच्या १९६८ सारखा कायदा आपल्याकडे नाही. घटनेचे कलम १५ शासनाला भेदभाव करण्यास मनाई करते, पण खासगी मालकाने भाड्याने न देण्यावर त्याचा थेट इलाज चालत नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेला सभासदत्व पारशांपुरते ठेवण्याची मुभा दिली. हा निकाल आपल्या बाजूचा नाही, हे माहीत असलेले बरे. पण त्या संस्थेच्या नोंदणीकृत उपविधीतच तशी अट होती. आपल्याकडील सर्वसाधारण सोसायटीच्या उपविधीत अशी अट नसते, आणि तिथे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० आपल्या कामाला येतो. पुरेशा कारणाशिवाय पात्र माणसाला सभासदत्व नाकारता येत नाही. नाकारले तर कारणासह लेखी कळवावे लागते. अर्ज दिल्यापासून तीन महिन्यांत काहीच कळवले नाही, तर अर्जदार सभासद झाला असे मानले जाते. नकाराविरुद्ध उपनिबंधकांकडे अपील करता येते. नमुना उपविधींनुसार सभासदाला आपला फ्लॅट विकण्यासाठी सोसायटीची एनओसी लागत नाही. भाड्याने देतानाही परवानगी लागत नाही, फक्त आधी कळवून लिव्ह अँड लायसन्स कराराची प्रत द्यावी लागते. म्हणजे विकणारा तयार आहे पण 'कमिटी नाही म्हणते' असे ऐकू आले, तर बहुधा कमिटीला तसे म्हणण्याचा अधिकारच नसतो.

वसईत २०१६ साली असेच घडले. एका कुटुंबाने आपला फ्लॅट मुस्लिम कुटुंबाला विकायचे ठरवले, सोसायटीतल्या बहुसंख्य सभासदांनी लेखी विरोध केला. विकणारे हिंदू कुटुंब मागे हटले नाही. प्रकरण पोलिसांत गेले आणि विरोध करणाऱ्या काही सभासदांना अटक झाली.

असे विकणारे भेटले तर त्यांना एकटे पडू देऊ नका. सभासदत्वाचा अर्ज तोंडी करू नका, दोन प्रती करा. सेक्रेटरी घ्यायला तयार नसेल तर रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. तीन महिने त्या तारखेपासून मोजायचे आहेत.