माफी मनाची, शिक्षा कायद्याची

१५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्च शहरात जुम्याच्या नमाजच्या वेळी दोन मशिदींवर गोळीबार झाला. ५१ जण शहीद झाले. त्यांत हुस्ना अहमदही होत्या. बायका-मुलांना बाहेर काढून त्या व्हीलचेअरवरील पतीसाठी परतल्या आणि गोळीला बळी पडल्या. पती फरीद अहमद यांनी मारेकऱ्याला जाहीरपणे माफ केले. तरीही २७ ऑगस्ट २०२० रोजी न्यायालयाने त्याला पॅरोलची सोय नसलेली जन्मठेप सुनावली.

यात आम्हाला विसंगती दिसत नाही. फरीद यांनी स्वतःच्या मनातला द्वेष सोडला. इतर कुटुंबांचा हक्क आणि समाजाची सुरक्षितता सोडून देणे त्यांच्या हाती नव्हते. कुरआननेही किसासबरोबर माफीची वाट खुली ठेवली आहे, पण ती वारसांच्या मर्जीवर.

आपल्या देशातही साध्या दुखापतीसारखे गुन्हे कायद्याने तडजोडीत मिटवता येतात. खून आणि बलात्कार मिटवता येत नाहीत. तरी मोहल्ल्यातले वडीलधारे पीडित मुलीच्या आईबापांना समजावतात, “माफ करा, सवाब मिळेल, तक्रार मागे घ्या.” असे दडपण आणून घेतलेल्या होकाराला आम्ही माफी म्हणणार नाही. माफ करायचे की नाही, हे त्या मुलीला ठरवू द्या. तोवर आपण तिच्यासोबत पोलीस ठाण्यात जाऊ या.