उपग्रहाचे पडणे

शास्त्रविषय शिकविणाऱ्याला शब्दांविषयी कवीइतकेच सावध असावे लागते. कवीचा शब्द सैल पडला, तर एखादी ओळ बिघडते. शास्त्रातील शब्द चुकला, तर विद्यार्थ्याच्या मनात एक खोटे विश्व उभे राहते आणि ते पुढे वर्षानुवर्षे टिकते. ‘शून्य गुरुत्वाकर्षण’ हा असाच एक शब्द होय. १९८४ साली राकेश शर्मा आणि २०२५ साली शुभांशु शुक्ला ह्यांना अंतराळस्थानकात तरंगताना आपण चित्रांतून पाहिले. अवकाशात गुरुत्वाकर्षण संपते म्हणून माणसे तरंगतात, हा समज तेव्हापासून अनेक वर्गांतून ऐकू येतो. वस्तुस्थिती ह्याच्या नेमकी उलट आहे. गुरुत्वाकर्षण नसते, तर उपग्रह पृथ्वीभोवती फिरलाच नसता.

गुरुत्व म्हणजे काय, हे पाहण्यासाठी बऱ्हाणपूरच्या रहिवाशांस दूर जावयास नको. अब्दुर्रहीम खानखानान ह्यांच्या काळात, १६१५ साली, तबकुतुल अर्ज ह्या इराणी जाणकाराने येथे कुंडी भंडाऱ्याची योजना आखली. सातपुड्याच्या उतारावरून जमिनीत झिरपणारे पाणी भुयारात गोळा होते, ओळीने खोदलेल्या कुंड्यांखालून वाहते आणि शहराकडे येते. त्यासाठी ना मोट लागते, ना पंप. भुयाराला बेताचा उतार दिला, एवढेच मनुष्याचे काम. पुढचे काम पृथ्वीचे. पृथ्वीच्या वस्तुमानामुळे भोवतालच्या प्रत्येक बिंदूपाशी ओढीची एक दिशा आणि एक जोर ठरून गेलेला असतो. अशा बिंदूंच्या समग्र प्रदेशास गुरुत्वक्षेत्र म्हणतात. दिशा पृथ्वीच्या केंद्राकडे असते. जोर केंद्रापासूनच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटत जातो.

येथे ‘केंद्रापासून’ हा शब्द महत्त्वाचा आहे. जमिनीवर उभे असतानाच आपण केंद्रापासून सुमारे ६,३७१ किलोमीटर दूर असतो. अंतराळस्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंच असते, म्हणजे केंद्रापासूनचे अंतर ६,७७१ किलोमीटर होते. वाढ फार थोडी. गुरुत्वजन्य प्रवेग जमिनीवर दर सेकंदास दर सेकंद ९.८ मीटर, तर तेथे ८.७ मीटर असतो. चारशे किलोमीटर उंचीचा एखादा मनोरा बांधता आला आणि त्याच्या माथ्यावर शंभर किलो कापसाचे गाठोडे स्प्रिंगच्या काट्याला टांगले, तर काटा सुमारे ८९ किलो दाखवील. त्या मनोऱ्यावर उभा असलेला मनुष्य तरंगणार नाही. तो तेथून पाय घसरून पडेल!

मग उपग्रह का पडत नाही? ह्याचे उत्तर असे की, तो पडतच असतो. हे पटण्यासाठी बऱ्हाणपूरच्या उत्तरेस असलेल्या अशीरगडाच्या तटावर मनाने उभे राहू. समजा, तट खालच्या मैदानाहून २४५ मीटर उंच आहे. तटावरून एक दगड नुसता सोडला आणि त्याच क्षणी तोफेतून एक गोळा अगदी आडवा उडविला. हवेचा विरोध बाजूस ठेवला, तर दोन्ही सुमारे ७ सेकंदांतच मैदानावर येतील. गोळ्याचा वेग दर सेकंदास ३०० मीटर असेल, तर तो त्या अवधीत दोन किलोमीटरांहून थोडा अधिक दूर जाईल. परंतु पडण्यात तो दगडाहून तसूभरही मागे राहणार नाही.

आता गोळ्याचा वेग वाढवीत जाऊ. पृथ्वी सपाट नाही, ७.९ किलोमीटर अंतरात तिचा पृष्ठभाग ४.९ मीटर खाली वाकतो. आणि कोणताही पदार्थ पहिल्या सेकंदात पडतो तोही ४.९ मीटरच. म्हणून सेकंदास ७.९ किलोमीटर वेगाने सुटलेला गोळा जितका खाली येईल, तितकीच जमीनही त्याच्याखालून वळून दूर जाईल. तो अखंड पडत राहील, पण जमिनीस टेकणार नाही. पर्वतशिखरावरील तोफेची ही कल्पना मूळ न्यूटनची. प्रत्यक्षात दाट हवा असा गोळा जाळून टाकील. म्हणून उपग्रह विरळ हवेच्या प्रदेशात नेऊन सोडावा लागतो. चारशे किलोमीटर उंचीवर त्याचा वेग सेकंदास ७.७ किलोमीटर असतो आणि एक फेरी सुमारे ९२ मिनिटांत होते. तेथील विरळ हवाही हळूहळू आपला वाटा घेतेच. १९ एप्रिल १९७५ रोजी सोडलेला भारताचा पहिला उपग्रह ‘आर्यभट’ अखेर १९९२ साली वातावरणात परत आला.

तरंगण्याचे रहस्यही ह्यातच आहे. आपणांस वजन जाणवते, ते जमीन आपल्या पायांना वर रेटते म्हणून. विहिरीत उडी घेणाऱ्या मुलाला पाण्यास स्पर्श होईपर्यंत असा रेटा नसतो. त्या क्षणार्धात तोही अंतराळवीरच असतो. अंतराळस्थानक, त्यातील माणसे आणि त्यांची भांडीकुंडी सारी एकाच प्रवेगाने पडत असल्यामुळे कोणी कोणास रेटीत नाही.

गुरुत्वाची दिशा केंद्राकडे असते, ह्या नियमाचा पुरावा बऱ्हाणपुरातील घरांच्या गच्च्यांवर दिसतो. दूरचित्रवाणीच्या सर्व डिश दक्षिणेकडे तोंड करून असतात. शहर विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे २१.३ अंशांवर आहे. त्याच्या बरोबर डोक्यावर उपग्रह स्थिर टांगता येत नाही, कारण उपग्रहाच्या कक्षेचे प्रतल पृथ्वीच्या केंद्रातूनच गेले पाहिजे. एका जागी स्थिर दिसणारा उपग्रह म्हणून केवळ विषुववृत्तावरच, ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, असू शकतो. तेथे त्याची फेरी २३ तास ५६ मिनिटांची, म्हणजे पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फेरीइतकीच असते. ७४ अंश पूर्व रेखांशावरील असा उपग्रह बऱ्हाणपुराहून क्षितिजाच्या सुमारे ६५ अंश वर, दक्षिणेस दिसेल. तेथेही ओढ शून्य नसते; जमिनीवरील ओढीच्या सुमारे ४४ व्या भागाइतकी ती उरते, आणि तेवढीच त्याला वळविण्यास पुरते.

शेवटी पुन्हा शब्दाकडे वळू. खानदेशाला ह्या विचाराचा वारसा आहे. चाळीसगावजवळील पाटणे येथील शिलालेख भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापिलेल्या मठाची साक्ष देतो. त्या भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त पृथ्वीच्या ओढीस ‘आकृष्टिशक्ती’ असा नेटका शब्द योजिला. त्या ओढीचे गणिती माप पुढे १६८७ साली न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’ने दिले, दोघांचे श्रेय वेगळे आणि आपापल्या जागी पुरेसे आहे. ज्या भाषापरंपरेत असा शब्द आहे, तिने ‘शून्य गुरुत्वाकर्षण’ हा फसवा प्रयोग चालू द्यावा, हे बरे नव्हे. अनुभव सांगावयाचा असेल, तर ‘वजनहीनता’ म्हणावे. कारण सांगावयाचे असेल, तर ‘मुक्तपतन’ म्हणावे. ‘अंतराळवीर मुक्तपतनात आहे’ असे शिक्षक म्हणतील, तेव्हा ‘मग तो खाली का येत नाही?’ असा प्रश्न एखादा विद्यार्थी विचारीलच. त्या प्रश्नापासूनच खरा पाठ सुरू होतो.