मल्लाचें अन्न

आमच्या नागपुरांत तालमीच्या पोरांत पूर्वीं दूध-बदामांची चर्चा चाले. हल्लीं डब्यांतील भुकटीची चालते. अशा वेळीं नरसिंग यादव यांची हकीकत आठवते. तीन वेळां 'महाराष्ट्र केसरी' झालेले हे मल्ल २०१६ सालीं रिओ ऑलिंपिकच्या तयारींत असतां त्यांच्या मूत्रांत मेथँडिएनोन हें स्नायुवर्धक द्रव्य सांपडलें. कोणीं तरी अन्नांत मिसळलें, असें त्यांचें म्हणणें. राष्ट्रीय संस्थेनें तें मानलेंही. जागतिक संस्थेनें अपील केलें. क्रीडा-लवादास पुरावा अपुरा वाटला, आणि १८ ऑगस्टला चार वर्षांची बंदी आली. पॉवरलिफ्टिंगमध्येंही नियम हाच: देहांत सांपडेल त्याचा जाब देहधाऱ्यानें द्यावा. निष्ठुर खरा, परंतु तो सैल केला तर प्रत्येकजण आचाऱ्याकडेच बोट दाखवील! नातवाचा डबा काल मीं चष्मा लावून वाचला. अक्षरें मुंगीएवढीं.