कारखान्याआधी कारखानदार

गेल्या मार्गशीर्षात एक गृहस्थ शाळेत आम्हांस भेटावयास आले. मूळचे अमळनेरकडचे, गेली बावीस वर्षे उधन्यास दुसऱ्याच्या लूमवर ताके विणीत आहेत. सोबत मुलगा होता, आमचाच जुना विद्यार्थी. गावची तीन एकर जमीन विकून मुलास चार लूम घेऊन द्यावेत काय, हे त्यांना विचारावयाचे होते. शिक्षकास व्यापारातले काय कळते, असे म्हणून आम्हांस सुटता आले असते. पण खानदेशातून सुरतेस आलेल्या आपल्या कित्येक घरांत आज हाच प्रश्न आहे.

आम्ही मुलास विचारले, "लूम बिघडला तर?" तो म्हणाला, "मास्टरला बोलावू." "सूत उधारीवर आणले आणि ताक्यांचे पैसे तीन महिने आले नाहीत तर?" मुलगा गप्प राहिला. वडिलांनी आमच्याकडे असे पाहिले, की जणू आम्ही त्यास भर वर्गात नापास केले.

त्या वेळी लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण झाली. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना जागा दिली, दहा हजारांचे कर्ज दिले आणि १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, एवढे पुष्कळांस ठाऊक असते. तेव्हा लक्ष्मणराव चाळिशीचे होते. त्याआधीची वर्षे मात्र कोणी सांगत नाही. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते चित्रकार व्हावयास गेले, तो रंग नीट ओळखता येत नाहीत असे आढळले. तेव्हा रंग सोडून ते यंत्रांच्या आरेखनाकडे वळले व पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. तेथे हक्काची बढती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्यास मिळाली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावास आले. तेथे थोरले बंधू रामूअण्णांच्या साथीने सायकलींचे दुकान चाले. सायकल विकावयाची आणि गिऱ्हाइकास ती चालवावयासही शिकवावयाचे. पुढे कडबा कापण्याचे यंत्र निघाले, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत! नांगर खपावयास सुमारे दोन वर्षे गेली. शेतकऱ्यास अडाणी म्हणून हिणवणे सोपे होते. पण ज्याला माल विकावयाचा त्याची शंका समजून घेणे, हेही कारखानदाराचेच शिक्षण आहे, आणि ते लक्ष्मणरावांनी धीराने घेतले. निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर पुढे त्यांनी तुरुंगवास भोगून आलेल्यांनाही रखवालीस ठेवले. माणूस पारखण्याची एवढी छाती एका दिवसात येत नाही.

थोरांची चरित्रे सांगून गरिबाचे तोंड बंद करावयाची आम्हां मास्तरांना खोडच असते. लक्ष्मणरावांच्या पाठीशी भाऊ होता, पुढे एक राजा उभा राहिला. या मुलाच्या पाठीशी तीन एकर कोरडवाहू आहे. नुसत्या गुणांनी बीमवर सूत चढत नाही, हे आम्हीही जाणतो. म्हणूनच ती तीन एकर जपून वापरली पाहिजे, असे आम्हांस वाटले.

आम्ही सुचविले, की यंदा जमीन विकू नये. मुलाने वर्षभर लूम दुरुस्त करणाऱ्या एखाद्या मास्टरच्या हाताखाली राहावे, पगार कमी मिळाला तरी; आणि रात्री घरी जमाखर्च लिहावा. वडिलांना ते रुचले नाही. "वर्षात लूमचे भाव चढले तर?" त्यांनी विचारले. यास आमच्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही.

मुलगा मात्र दर रविवारी वही घेऊन येतो. आरंभीच्या पानांवर नुसता खर्च होता, बेरजाही चुकलेल्या. गेल्या महिन्यात त्याने उधारीचा एक निराळा रकाना स्वतःच आखून आणला, आणि व्यापाऱ्याला तगादा करावा पण संबंध तुटू नयेत, असे पत्र कसे लिहितात म्हणून विचारले. आम्ही दोघांनी मिळून ते लिहिले. जमिनीचा निर्णय अद्याप व्हावयाचा आहे.