प्रकल्प-व्यवस्थापन प्रणालीची बॅकअपमधून पुनर्स्थापना : एक विवेचन

प्रस्तावना :

दिनांक २१ जून २०१२ रोजी दुपारी मुंबईतील मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर आग लागली व ती वरच्या मजल्यांवर पसरली. या दुर्घटनेत पाच जणांना प्राण गमवावे लागले आणि अनेक विभागांच्या फायली भस्मसात झाल्या. पुढे या फायलींच्या पुनर्बांधणीसाठी अन्य कार्यालयांतील प्रतींचा आधार घ्यावा लागला. ज्या कागदाची दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी होती, तोच कागद परत मिळण्याची आशा होती.

आज महाविद्यालयांतील संशोधन प्रकल्प, अनुदानाचा विनियोग, बांधकामे व मूल्यांकनाची कागदपत्रे यांची नोंद संगणकावर ठेवली जाते. माध्यम बदलले असले तरी प्रश्न तोच आहे. प्रस्तुत लेखात अशी प्रणाली मोठ्या बिघाडानंतर पूर्ववत कशी करावी, याचे विवेचन केले आहे.

प्रणालीचे घटक :

प्रकल्प-व्यवस्थापन प्रणाली म्हणजे कोणता प्रकल्प, कोणते काम, कोणाकडे, कोणत्या मुदतीत व किती खर्चात, याची एकत्रित नोंद होय. रेडमाईन ही मुक्त स्रोत प्रणाली उदाहरणादाखल घेता येईल. तिच्यातील नोंदी डेटाबेसमध्ये असतात, परंतु नोंदींना जोडलेली पत्रे, देयके व अहवाल वेगळ्या फोल्डरमध्ये साठवलेले असतात. केवळ डेटाबेसचा बॅकअप घेतल्यास पुनर्स्थापनेनंतर फायलींची नावे दिसतात, पण फायली उघडत नाहीत. म्हणून डेटाबेस, जोडपत्रांचा फोल्डर आणि मांडणीच्या फायली या तिन्हींचा बॅकअप एकाच वेळचा असणे आवश्यक आहे.

एक बोलके उदाहरण :

गिटलॅब ही संगणक-प्रकल्पांचे व्यवस्थापन करणारी जगभर वापरली जाणारी सेवा आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी तेथील अभियंत्याने दुय्यम सर्व्हरवरील डेटा पुसण्याची आज्ञा चुकून मुख्य सर्व्हरवर दिली. चूक लक्षात येईपर्यंत सुमारे ३०० जीबी माहितीपैकी जेमतेम ४.५ जीबी उरली होती. दुय्यम सर्व्हर आधीच रिकामा केलेला असल्याने त्याचा उपयोग नव्हता. नित्याचा बॅकअप सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या न जुळल्यामुळे तयारच होत नव्हता आणि तसा इशारा देणारे ई-मेल स्वीकारले जात नव्हते. अखेर सुमारे सहा तासांपूर्वी अन्य कामासाठी सहज घेतलेली एक प्रत उपयोगी पडली. तरीही सेवा पूर्ववत होण्यास सुमारे १८ तास लागले आणि सुमारे ५००० प्रकल्प, ५००० अभिप्राय व ७०० नवीन खाती यांवर परिणाम झाला.

या घटनेत बॅकअपची व्यवस्था नव्हती असे नाही. ती एकाहून अधिक प्रकारची होती. मात्र तिची परीक्षा कोणी घेतली नव्हती.

पुनर्स्थापनेचे टप्पे :

१) प्रणालीचा वापर तत्काळ थांबवावा. बिघडलेल्या डिस्कवर नवीन काहीही लिहू नये, कारण तिच्यातून काही माहिती परत मिळण्याची शक्यता असते. केलेल्या प्रत्येक कृतीची वेळेसह नोंद ठेवावी.

२) योग्य बॅकअप निवडावा. सर्वांत अलीकडचा बॅकअप योग्यच असेल असे नाही; दोष आधीपासून असल्यास तो बॅकअपमध्येही उतरलेला असतो.

३) पुनर्स्थापना प्रथम वेगळ्या संगणकावर आणि सॉफ्टवेअरच्या मूळ आवृत्तीवर करावी. आवृत्ती अद्ययावत करण्याचे काम त्यानंतरचे.

४) पडताळणी करावी. प्रकल्पांची व कामांची संख्या मोजावी, काही जोडपत्रे प्रत्यक्ष उघडून पाहावीत आणि प्रकल्पनिहाय खर्चाची बेरीज लेखा विभागाच्या कीर्दीशी ताडून पाहावी.

५) बॅकअपनंतर व बिघाडापूर्वी झालेल्या नोंदी ई-मेल, व्हाउचर व आवक-जावक नोंदवहीवरून पुन्हा कराव्यात. हा टप्पा सर्वांत नाजूक आहे. अशा नोंदींवर त्या नंतर केल्याचा स्पष्ट शेरा व दिनांक असावा. मागील तारखेने गुपचूप केलेली नोंद खरी असली, तरी लेखापरीक्षणात ती संशयास्पद ठरते व प्रामाणिक संशोधकालाही त्याची झळ पोहोचते.

स्थानिक संदर्भ :

तीन प्रती, दोन माध्यमे व एक प्रत दूरच्या ठिकाणी, हा बॅकअपचा सर्वमान्य नियम आहे. त्यातील ‘दूर’ या शब्दाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाचे हादरे सोलापुरातही जाणवले होते. त्यामुळे त्याच आवारातील दुसऱ्या इमारतीत ठेवलेली प्रत दूरची मानता येत नाही. एक प्रत अन्य शहरात वा क्लाउडवर असावी. सोलापूरच्या कडक उन्हाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या हार्ड डिस्कवर विसंबणेही धोक्याचे आहे.

याहून महत्त्वाची बाब मनुष्यबळाची आहे. अनेकदा पासवर्ड व कार्यपद्धती एकाच प्राध्यापकाला किंवा कंत्राटी कर्मचाऱ्याला ठाऊक असते. त्यांची बदली झाली वा करार संपला, की बॅकअप असूनही संस्था हतबल ठरते. म्हणून कार्यपद्धती लेखी असावी आणि तिची मोहोरबंद प्रत प्राचार्यांच्या ताब्यात असावी.

निष्कर्ष :

किती तासांच्या नोंदी गमावणे परवडेल आणि किती काळ काम बंद ठेवता येईल, हे दोन निर्णय तांत्रिक नसून प्रशासकीय आहेत. ते महाविद्यालयाने बिघाडापूर्वीच घ्यावयाचे असतात. प्रत्येक सत्रात एकदा, शक्यतो सुटीच्या काळात, रिकाम्या संगणकावर पुनर्स्थापनेची रंगीत तालीम घ्यावी व लागलेला वेळ नोंदवावा. ज्या बॅकअपमधून एकदाही माहिती परत मिळवून पाहिलेली नाही, त्याला बॅकअप म्हणणे धाडसाचे ठरेल.