दाते, डिंक आणि काकांचा मीटर

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने चिकटद्रव्यांवर लिहावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण गेल्या उन्हाळ्यात काकांच्या जुन्या मोटारीने मला हा विषय शिकवला.

काका भाड्याने गाडी चालवतात. भाड्याचा हिशेब आणि ऑइल बदलण्याची वेळ, दोन्ही मीटरच्या आकड्यांवर ठरतात. एके दिवशी आकडे थांबले. वेगाचा काटा मात्र हलत होता. याचे मला नवल वाटले. मीटर उघडल्यावर उलगडा झाला. केबलमुळे आत एक लोहचुंबक फिरतो. त्याच्याभोवतीची ॲल्युमिनियमची वाटी स्पर्शाशिवायच ओढली जाते आणि काटा हलतो. आकड्यांची चाके मात्र दातेरी गिअरांवर चालतात. त्यांतील एका प्लास्टिकच्या गिअरच्या मधल्या भोकापाशी तडा गेला होता, त्यामुळे तो धातूच्या दांड्यावर नुसताच घसरत होता.

मी लगेच झटपट चिकटणारा गोंद लावला. चौथ्या दिवशी गिअर पुन्हा सुटला. शिवाय त्या गोंदाच्या वाफेने मीटरच्या काचेवर आतून पांढरी साय धरली! काका एवढेच म्हणाले, "अरे, आधी कशाला काय चिकटतं ते विचारून ये."

आमच्या ओळखीच्या रसायनशास्त्राच्या सरांनी समजावले ते असे. काही प्लास्टिके द्रावकात विरघळतात. उदाहरणार्थ, ॲक्रिलिकचे दोन तुकडे क्लोरोफॉर्मने एकजीव होतात. पण असे गिअर बहुधा नायलॉनचे किंवा ॲसिटलचे असतात. ही प्लास्टिके तेलाला आणि बहुतेक द्रावकांना दाद देत नाहीत. मुळातच गुळगुळीत असल्यामुळे ती गिअरसाठी निवडली जातात आणि नेमक्या त्याच गुणामुळे त्यांना गोंद धरत नाही. झटपट गोंदाचा सांधा तर ठिसूळ असतो. गाडीचे हादरे तो सोसत नाही.

म्हणून नुसत्या चिकटण्यावर विसंबायचे नाही, पकड निर्माण करायची. गिअर स्पिरिटने पुसून वंगण काढले. भोकाची आतली बाजू आणि दांडा पॉलिश पेपरने खरवडला. हार्डनर मिसळून वापरायचे, सावकाश घट्ट होणारे इपॉक्सी काडीच्या टोकाने लावले आणि तडा उघडू नये म्हणून गिअरच्या मानेवर पितळेची बारीक कडी बसवली. दात्यांना थेंबही लागू दिला नाही. मग पूर्ण 24 तास हात लावला नाही. खरा भार कडी सोसते. इपॉक्सी फटी भरून सर्वांना जागेवर धरते.

मात्र दाताच तुटला असेल तर कोणतेही चिकटद्रव्य उपयोगाचे नाही. तेवढ्याशा जागेवर सारा जोर येतो. तेव्हा दुसरा गिअर शोधावा, पण दाते मोजून. 20 दात्यांच्या चाकाजागी 21 दात्यांचे बसवले, तर 100 किलोमीटरला मीटर सुमारे 95 च दाखवील.

गिअर बसवताना मी विचारले, "काका, बंद काळातले किलोमीटर हाताने पुढे सरकवू का?" त्यांनी ते रोज अंदाजाने वहीत टिपले होते.

"नको," ते म्हणाले. "मीटरने मोजलं तेवढंच मीटर सांगू दे. बाकीचं वही सांगेल."

मीटर अजून चालू आहे. काचेवरची साय मात्र तशीच आहे.